बुधीबाईची दुसरी इयत्ता

बुधीबाईला मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. ऐकलं तेव्हा ती बाई असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

नोकरीचा पहिला दिवस होता. शिळफाट्याहून शेअर रिक्षा आणि पुढे अर्ध्या तासाची चढण करून मी डोंगराच्या पायथ्याच्या त्या वाडीवर पोचले. शाळा दोन खोल्यांची. एकीत कदम सर तिसरी-चौथी घेत. दुसरी खोली पहिली-दुसरीची, म्हणजे आता माझी. मुलं अजून यायची होती. मी एकटीच फळा पुसत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून एका वयस्क पुरुषाचा आवाज आला. "सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस." आवाज जड होता, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ. 'सात सक बेचाळीस'पाशी तो जरासा खोकला, तेवढं पुन्हा म्हणाला आणि पुढे गेला. मग एकदम थांबून म्हणाला, "मागे कोण बोलतंय? मला ऐकू येतं."

माझ्या मागे रिकामी भिंत होती आणि मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

शाळेत आणखी एक सर आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बाहेरून वळसा घालून पलीकडे गेले. भिंतीला टेकून पत्र्याची एक शेड होती, पोषण आहार शिजवायची. आत चुलीजवळ एक बारकीशी, कपाळावर गोंदण असलेली बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. बाकी कोणी नाही.

"सर कुठे गेले?" मी विचारलं.

"कंचं सर?" ती म्हणाली. आवाज बाईचाच, पातळ, थोडा घोगरा. "कदम सर नळावर गेल्यात. तुमी नव्या बाई काय? बसा. पानी देते."

ती बुधीबाई.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की दुसरीच्या मुलांना मी न शिकवलेलं येतं. दुसरीत अकरा मुलं होती. आई-बाप पहाटेच कामाला जात, कोणी कर्जतकडच्या फार्महाऊसवर, कोणी वीटभट्टीवर, कोणी जंगलात. घरी अभ्यास घ्यायला कोणी नाही, म्हणून मी घरचा अभ्यास कमीच द्यायचा असं ठरवून आले होते. पण ही मुलं दुसऱ्या दिवशी पाढे म्हणून दाखवत, तेही माझ्या वेगानं नाही. एका विशिष्ट संथ लयीत, आणि बेचाळीसपाशी थांबून. नव्या पुस्तकात 'साठ तीन' असंही वाचायचं होतं. ही मुलं बेधडक 'त्रेसष्ट' म्हणत. एरवी 'पानी' आणि 'नाय' म्हणणारी पोरं शुद्धलेखनात 'पाणी' आणि 'नाही' लिहीत.

"कोण घेतं अभ्यास?" मी मनीषाला विचारलं. मनीषा वर्गातली सगळ्यांत चुणचुणीत मुलगी.

"बुधीआजी," ती म्हणाली.

"तिला वाचता येतं?"

सगळा वर्ग हसला. "आजीला तिचं नाव बी येत नाय लिवता."

आणखी एक गोष्ट होती, तिचा उलगडा मला बरेच दिवस होईना. अकराच्या अकरा वह्यांत, घरच्या अभ्यासाच्या शेवटी, रोज एक अर्धवट वाक्य असे. 'पावसाळ्यात नदीला'. बस, एवढंच. पुढे पूर्णविराम नाही, काही नाही. मी लाल पेनानं खाली लिहायची, 'वाक्य पूर्ण करा'. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'पावसाळ्यात नदीला'.

मी कदम सरांना विचारलं. ते डबा खात होते. त्यांनी घास तसाच धरून ठेवला. "बाई, माझ्या आधी इथे ठोंबरे गुरुजी होते," ते म्हणाले. "मोहोपाड्याचे. बावीस वर्षं दुसरी शिकवली त्यांनी, तुमच्याच खोलीत. काही वर्षांपूर्वी वर्गात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. हार्ट. बुधीबाई पहिल्यापासून पलीकडे भात शिजवते. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालंय. तुम्ही फार लक्ष देऊ नका."

पण त्या खोलीत शिकवायचं मला होतं. रोज सकाळी मी यायची तेव्हा पलीकडे दुसरीचा वर्ग सुरू झालेला असे. पळीनं पातेल्याच्या काठावर दोनदा टकटक होई, गुरुजी टेबलावर पट्टी मारत तशी, आणि तो आवाज बोलायला लागे. जोडाक्षरं, दशक-एकक, हातच्याची बेरीज. मधूनच "रामा, नाक पूस," किंवा "सुंदरे, रडायचं नाही, पुन्हा मांड." रामा आणि सुंदरा आता स्वतः बालबच्चेवाले होते. खरं सांगायचं तर आठवड्याभरात मी माझी खुर्ची त्या भिंतीपासून लांब सरकवली.

एकदा धीर करून मी तिला म्हणाले, "बुधीबाई, पाढे म्हणताना तुम्ही आवाज का बदलता?"

ती खरंच गोंधळली. "कंचा आवाज, बाई? पाढं असंच असत्यात ना?"

तिला माहीतच नव्हतं. गाण्याला चाल असते तसा पाढ्यांना तो आवाज असतो, अशी तिची समजूत होती.

एरवी बुधीबाई म्हणजे मायाळू बाई. कोणी मूल गणित चुकलं म्हणून मी ओरडले की ती दारात येऊन उभी राही. "बाई, पोट रिकामं असलं की हातचा विसरतो. आदी जेवू द्या, मंग करंल बेरीज." आणि खरंच जेवून आलं की ते मूल बेरीज बरोबर करी. मी फळ्यावर लिहिलेलं मुलांकडून वहीत उतरवून घ्यायची, त्यावर ती मान हलवी. "लिवलेलं पुसतंय. ऐकलेलं ऱ्हातंय." मी जोडाक्षरांत 'बुद्धी' शब्द दिला तेव्हा मुलं तिच्याकडे धावली, आजी, तुझं नाव आलं म्हणून. ती म्हणाली, "माज्यात तो अर्धा द नाय. बुधवारची हाय मी, म्हनून बुधी."

जुलैमध्ये एका दुपारी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. डोंगरावरून ढग खाली उतरला होता. दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं, फक्त ठाकुरवाडीच्या बाजूनं घाट चढणाऱ्या मालगाडीचं इंजिन ऐकू येत होतं. घर कुडाचं. पडवीत दुसरीची सगळी मुलं वह्या घेऊन बसली होती. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळी कुडाच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि आवाज भिंतीच्या आतून येत होता. बुधीबाई त्यांच्यासमोर नव्हतीच. ती आत होती, चुलीपाशी. शिकवणं भिंतीच्या पलीकडूनच करायचं असतं, असंच तिनं बावीस वर्षं पाहिलं होतं.

"श्रुतलेखन," आवाज म्हणाला. "कोणी बोलायचं नाही. ज्याचं लिहून होईल त्यानं हात वर करायचा, मी थांबेन." एकेक वाक्य येत गेलं. आकाश निळे आहे. आई भाकरी करते. प्रत्येक वाक्यानंतर तो आवाज थांबे, मुलं लिहीत, हात वर होत. मग तो म्हणाला, "पावसाळ्यात नदीला".

आणि गप्प झाला.

मुलांनी दोन शब्द लिहिले. हात वर झाले. आत काहीच हालचाल नाही. मुलं पेन्सिली टेकवून वाट पाहत राहिली, अजिबात चुळबुळ न करता, सात वर्षांची मुलं कधी बसत नाहीत तशी. ढग पडवीत शिरला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी आतून बुधीबाईचा स्वतःचा आवाज आला, "उटा, हात धुवा." मुलं वह्या मिटून उठली.

मुलं गेल्यावर मी आत गेले. ती जमिनीकडे बघत बसली होती. मी विचारलं, "पुढचं वाक्य काय आहे, बुधीबाई?"

"म्हाईत नाय," ती म्हणाली. "गुरुजी पुडं बोललंच नाय."

मग तिनं सांगितलं. मी विचारलं नसतं तर बहुतेक कधी सांगितलं नसतं.

"त्या दिशी असंच लिवाय घातलं व्हतं. नदीला म्हनलं आन थांबलं. मला वाटलं, धोंडीचं व्हायचं असंल. धोंडी लई हळू लिवायचा, गुरुजी त्याच्यासाटी थांबायचं. मी भात ढवळला. भात झाला. डाळीला फोडनी दिली. तरी गुरुजी बोललं नाय. पोरं बी गप. म्हनलं, थांबलेत. म्हनून मी पन थांबले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "वाडायला आत गेले तर सगळी पोरं पेन्शिली धरून बसल्याली, पुडचा शबुद कधी येतो म्हनून. आन गुरुजी खुर्चीत. डोळं उगडं. धोंडीकडंच बघत व्हते. मी म्हनलं, उटा, हात धुवा. दुसरं काय म्हनू, बाई?"

बाहेर पुन्हा इंजिनाची शीळ झाली.

"चार पावलं व्हती," ती म्हणाली. "मधी फकस्त भिताड. लोक म्हनले, लगेच कोनी आत गेलं असतं तर वाचलं असते."

मी तशीच उतरून रस्त्याला लागले आणि वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात किसनचं प्रकरण झालं. किसन म्हणजे मनीषाचा बाप, टेंपो चालवायचा. रसायनीच्या कारखान्यांकडे माल पोचवायचा. एके सकाळी मनीषाला सोडायला तो चिखलाच्या चपलांसह वर्गाच्या दारात आला, आणि पलीकडून आवाज आला, "किसन, चप्पल बाहेर."

तिला तो दिसत असणं शक्य नव्हतं. ती आपली रोजचा पाठ म्हणत होती आणि किसनही कधीकाळी त्याच दुसरीत होता, एवढंच. पण तिशीतला तो दांडगा माणूस झटकन मागे सरला, त्यानं चपला काढल्या, आणि हात बांधून उभा राहिला. मग त्याला काय झालं ते कळलं असावं. चेहरा पांढराफटक पडला. मनीषाचा दंड धरून तो तिला घेऊन गेला.

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. बुधीच्या अंगात गुरुजी आहेत. दुसऱ्या दिवशी अकरांपैकी चारच मुलं आली. शाळा समितीची माणसं जमली, स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवा म्हणाली. कोणी भगताला आणायची भाषा केली. बुधीबाई शेडच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्यानं. मी मध्ये पडले, ती ऐकून शिकलीय, त्यात भूतबीत काही नाही, असं म्हणाले. म्हणताना माझी स्वतःची खुर्ची कुठे सरकली होती ते आठवून माझा आवाज पडला.

किसन मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, मला बुधीचा राग नाय. गुरुजींनी मला मानूस केला. पन मेल्यावर बी बिचारे शिकवतच हायेत. त्यांना सुटू द्या."

आणि त्यानं आपल्या मनानं एक गोष्ट केली. मोहोपाड्याला माल टाकायला गेला तेव्हा गुरुजींचं घर शोधून काढलं आणि त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. शनिवारी सकाळच्या शाळेला त्याच्या टेंपोतून काकू आल्या. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी, गुडघे दुखत असताना सगळी चढण चढून. बुधीबाईला भेटता का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "आधी बघायचं नाही. ऐकायचंय." आणि दुसरीच्या मुलांच्या रांगेत, सतरंजीवर, भिंतीकडे तोंड करून बसल्या.

पळीची टकटक झाली. सातचा पाढा सुरू झाला. बेचाळीसपाशी खोकला आला तेव्हा काकूंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली, पण रडल्या नाहीत. श्रुतलेखन आलं. आकाश निळे आहे. आई भाकरी करते. पावसाळ्यात नदीला. आणि ती शांतता. काकू त्या शांततेत मुलांबरोबर बसून राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, बाहेरून वळसा घालून शेडमध्ये गेल्या. मी मागोमाग.

बुधीबाई त्यांना बघून उभी राहिली. पळी हातातच होती.

"बस," काकू म्हणाल्या. "तुला कुणी काही म्हणालं असेल तर मनातून काढून टाक. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. शब्द थांबला त्याच क्षणी सगळं झालं होतं. तू आत आली असतीस, मी असते, मोठा डॉक्टर असता, तरी काही होणार नव्हतं. कळलं?"

"आन ते धोंडीकडं बघत व्हते..."

"बघणारच. त्याचं अक्षर सुधारेना म्हणून घरीसुद्धा बोलायचे." काकूंनी तिच्या हातातून पळी घेऊन बाजूला ठेवली. "पुढचं वाक्य विचारू नकोस. ते कागद बघून सांगत नसत, त्या वेळी जे मनात येईल ते. मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. इतकी वर्षं तू थांबलीस. आता पुरे."

बुधीबाई त्यांच्या पायाशी बसली आणि रडली. बाईच्याच आवाजात.

उतरताना मी काकूंचा हात धरला होता. टेंपोपाशी मी विचारलं, "डॉक्टर खरंच असं म्हणाले होते?"

"मला कोणी काही सांगितलं नव्हतं," काकू म्हणाल्या आणि किसनशेजारी चढून बसल्या.

सोमवारी मी वर्गात आले तेव्हा पलीकडे फक्त तांदूळ धुतल्याचा आवाज होता. मी वाट पाहिली. मग जाऊन म्हणाले, "बुधीबाई, सातचा पाढा?" तिनं सुरू केला, तिच्या पातळ आवाजात, "सात एकं सात, सात दुनं चवदा," आणि एकवीसला अडखळली. पुढचं येईना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरातली एखादी वस्तू जागेवर नाही. बावीस वर्षांची दुसरी एका शनिवारात पुसली गेली होती. वाडीला हायसं वाटलं. मला तसं म्हणता येत नाही. वर्ग चालू असताना ती बाजू इतकी गप्प असे की मी अधूनमधून भिंतीला कान लावायची.

मुलं मात्र तिच्याकडे जायची थांबली नाहीत. किसननंच मनीषाला पुन्हा पाठवलं. आता बुधीबाई पडवीत मुलांसमोर बसे. ती विचारी, मुलं सांगत. त्या अर्धवट वाक्याचं मी वर्गात काय ते करून टाकलं. ज्याला जे वाटेल ते घरून लिहून आणा म्हटलं. मनीषानं लिहिलं, 'पावसाळ्यात नदीला खूप लोक घाबरतात.' एकानं लिहिलं, 'पावसाळ्यात नदीला शाळा नसते.' मी अकराच्या अकरा वह्यांत बरोबरची खूण केली.

दिवाळीनंतर दुसरीला घड्याळ आलं. ते बुधीबाईला कधीच आलं नव्हतं. भिंतीतून पाढे ऐकू येतात, काटे दिसत नाहीत. काकूंनी मोहोपाड्याहून किसनबरोबर गुरुजींचं जुनं भिंतीवरचं घड्याळ पाठवलं होतं. ते तिनं पडवीतल्या मेढीला, लाकडी खांबाला, टांगलं. मनीषा रोज सकाळी शाळेआधी जाऊन तिला शिकवी. लहान काटा कुठे, मोठा काटा कुठे. "ह्याचं टिकटिक सोडून काय ऐकू येत नाय," बुधीबाई मला तक्रारीनं म्हणाली. "आन एकच काटा दोन-दोन गोष्टी सांगतोय. तीनवर आला की तीन बी आन पंदरा बी. असं कुटं असतंय?" पण महिनाभरात तिला सगळे तास आणि अर्धे तास यायला लागले. पाव आणि पाऊण राहिलं होतं.

मार्चमध्ये एका सकाळी मी चढण चढून आले तर वळणावर मनीषा गणवेशात, दप्तर पाठीला लावून, एकटीच उभी होती. वरून माणसांची गडबड ऐकू येत होती.

"बाई, आजी गेली," ती म्हणाली.

मी वाटेतल्या दगडावर बसले. तिला जवळ घेतलं. "तू होतीस तिथे?"

"व्हते. घड्याळाचा अभ्यास करत व्हतो. आजी मेढीला टेकून बसलेली. मला म्हनली, किती वाजले ते तू सांग, मला पाव नाय येत. मी सांगितलं. मंग आजी कायच बोलली नाय." तिनं तोंडावरचे केस मागे सारले. "मी हात लावून बघितला आन बाबाला बोलावलं."

"किती वाजले होते?" मी विचारलं. का विचारलं ते मला आजही सांगता येत नाही.

ती सरळ उभी राहिली, वर्गात उत्तर द्यायला उभी राहते तशी, हात बाजूला ठेवून.

"लहान काटा नवाच्या थोडा पुढं. मोठा काटा तीनवर. सव्वा नऊ." आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आजीनं सांगितलंच नाय. बरोबर हाय ना, बाई?"

"बरोबर," मी म्हणाले.